विलीज जीप: टायमिंग पुढे घेतलं की टकटक, मागे घेतलं की ओढ नाही

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचं गाव परतवाड्याजवळ. बाबांच्या वेळची पेट्रोल विलीज आहे, चार सिलिंडरचं एफ-हेड हरिकेन इंजिन. फिलर गेज लावून डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंटचा गॅप 0.5 मिमी ठेवला, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 तपासली, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लाइटने पाहून पुलीची खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 5 अंश आधी जुळवली. आयडलिंगला इंजिन एकदम गोड चालते. पण चिखलदऱ्याच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबला की टकटक (नॉकिंग) सुरू! डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून टायमिंग मागे घेतलं तर आवाज जातो, पण गाडी ओढत नाही अन् तापते.

मला संशय डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या, वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या (अॅडव्हान्स) वजनांच्या स्प्रिंगांवर आहे. रोटर हाताने पिळून सोडला तर चटकन परत येत नाही, रेंगाळतो. स्प्रिंग ढिली असेल तर अॅडव्हान्स लवकरच येणार ना? शिवाय शाफ्ट बाजूला हलतो, लाइटखाली खूण नाचते. मिस्त्री म्हणतात कानानेच लावा. मला ते पटत नाही, नॉकिंगने पिस्टन जातील.

आधी शाफ्टला धरणारा बुश बदलू की स्प्रिंगा? अमरावती-नागपूरकडे डिस्ट्रिब्युटरचा बुश लेथवर नीट करून देणारं कोणी आहे का? भाऊ, माहिती असेल तर नक्की सांगा जी.