वॉर्न आत, क्रोनिए बाहेर?

बी-२०४ काका: सगळ्या देशांची मिळून माझी कसोटी इलेव्हन तयार आहे. फिरकीला वॉर्न आणि मुरली दोघंही घेतलेत, म्हणजे भांडायला जागाच नको.

ए-३०२ ताई: काका, जागा भरपूर आहे 😄 वॉर्नवर २००३ मध्ये वर्षभराची बंदी होती. वर्ल्ड कपमधल्या पहिल्या मॅचच्या तोंडावर घरी पाठवला त्याला. तो चालतो, मग कॅप्टन म्हणून दक्षिण आफ्रिकेचा क्रोनिए का नको, फिक्सिंग केलं म्हणून? ५३ कसोटींत २७ विजय आहेत.

बी-२०४ काका: अहो, आईने दिलेली बारीक व्हायची गोळी घेतली होती त्याने.

सी-५०१: काका, 'बिचारा वॉर्न' मलाही पटत नाही. ती गोळी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत का असते? तिने लघवी वाढते आणि शरीरात दुसरं काही असेल तर ते चाचणीत सापडणं अवघड जातं. त्याने दुसरं काही घेतलं होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण व्यावसायिक खेळाडूला गोळीमागचं नाव वाचता येत नाही हे कसं मानायचं? ते असो. शिक्षा भोगली, परत आला, २००५ या एका वर्षात ९६ कसोटी बळी घेतले आणि ७०८ वर थांबला. माझ्या लेखी त्याचा हिशेब चुकता झाला. क्रोनिएचा होत नाही.

ए-३०२ ताई: का? तो तर गेलाही बिचारा. २००२ मध्ये, विमान अपघातात.

सी-५०१: गेला म्हणून वाईट वाटतं, ते वेगळं. सेंच्युरियनची कसोटी आठवा, जानेवारी २०००. मधले तीन दिवस पावसाने खाल्ले. मॅच मेलेली. शेवटच्या दिवशी क्रोनिएने इंग्लंडचा कॅप्टन नासिर हुसेनला प्रस्ताव दिला, दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून दिला आणि इंग्लंडला २४९ चं लक्ष्य मिळालं. इंग्लंड दोन विकेट राखून जिंकलं. आम्ही सगळे काय म्हणालो? वा, असा कॅप्टन पाहिजे! हरण्याची भीती नाही, प्रेक्षकांचा विचार करतो. काही महिन्यांनी कळलं की त्यामागे बुकीकडून आलेले पैसे आणि एक लेदर जॅकेट होतं.
आता ती मॅच मी कशी आठवू? उत्तेजक घेणारा निदान जिंकायला तरी धावत असतो. बेन जॉन्सन १९८८ ला सोलमध्ये ९.७९ सेकंदांत पळाला, लबाडी करून पळाला, पण पळाला. फिक्सिंगमध्ये समोर दिसतं ते घडलेलंच नसतं. टाळ्या आपल्या खऱ्या, बाकी सगळं खोटं.

ए-३०२ ताई: हे सगळं प्रेक्षकाच्या खुर्चीतून झालं दादा. मैदानातल्याचं काय? अॅडम नेल्सन माहितीये? अथेन्स ऑलिम्पिक २००४, गोळाफेक. स्पर्धा खास प्राचीन ऑलिम्पियाच्या मैदानात ठेवली होती. नेल्सन आणि युक्रेनचा बिलोनोग, दोघांचीही सर्वोत्तम फेक २१.१६ मीटर. बरोबरी सुटली ती दुसऱ्या क्रमांकाच्या फेकीवर आणि नेल्सनच्या बाकीच्या सगळ्या फेकी फाउल, त्यामुळे त्याला रौप्य. २०१२ मध्ये जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा बिलोनोग उत्तेजकात सापडला. नेल्सनला सुवर्ण कुठे मिळालं असेल? २०१३ मध्ये अटलांटा विमानतळाच्या फूड कोर्टमध्ये! ना राष्ट्रगीत, ना पोडियम. तुमची मॅचची आठवण खराब झाली, त्याचं अख्खं करिअर नासलं.

डी-१०२: बापरे. फूड कोर्ट 😳

सी-५०१: ताई, हे जबरी आहे. तरी माझा क्रम बदलत नाही. नेल्सनला नऊ वर्षांनी का होईना पदक देता आलं, कारण स्पर्धा खरी होती आणि लबाड बाजूला काढता आला. सेंच्युरियनमधून काय बाजूला काढणार?

ए-३०२ ताई: उत्तेजकं घेणाऱ्या सायकलपटू आर्मस्ट्राँगमधून काय काढलं? १९९९ ते २००५, टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली आणि ती कुणालाच दिली नाहीत. देणार कुणाला? आजूबाजूचेच इतके डागाळलेले होते. म्हणजे स्पर्धाच खोटी झाली ना? तुमचा नियम तिथे लंगडतो.

सी-५०१: सायकलिंगपुरतं मान्य. पण विजेत्यांच्या यादीत सात वर्षं रिकामी ठेवणं मला बावळटपणा वाटतो. नाव ठेवा, पुढे लिहा काय केलं ते.

डी-१०२: आणि ऑस्ट्रेलियाचा स्मिथ? २०१८ चा सँडपेपर, चेंडू घासल्याचं प्रकरण.

सी-५०१: त्याचं जरा जास्तच झालं. आयसीसीने एका कसोटीची बंदी आणि मॅच फी एवढंच केलं होतं, बारा महिने त्याच्याच बोर्डाने दिले. कॅप्टन असून डोळेझाक केली, शिक्षा हवीच होती. पण २०१९ ची ॲशेस बघ. एजबॅस्टनला लोक सँडपेपर हलवत हुर्यो उडवत होते आणि याने १४४ आणि १४२ काढले. चार कसोटींत ७७४ रन. उत्तर द्यायची याहून चांगली पद्धत नाही.

बी-२०४ काका: आणि आपला अझर? त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सी-५०१: काका, तो गुंता वेगळा आहे. फिक्सिंगवरून बोर्डाची आजीवन बंदी २००० ची, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती बेकायदा ठरवली. कोर्टाचा निकाल मानायचा, मग कुजबुज बंद. गंमत अशी की मार्च २००० ची बंगळूर कसोटी त्याची शेवटची, त्यात १०२ काढले आणि समोर कॅप्टन क्रोनिए. त्याचीही तीच शेवटची. अझर ९९ कसोटींवर राहिला. इलेव्हनमध्ये मी त्याला घेणार नाही, पण ते फक्त इतर फलंदाज सरस आहेत म्हणून.

डी-१०२: पाकिस्तानचा आमिर? लॉर्ड्सला ठरवून नो-बॉल टाकले तेव्हा १८ वर्षांचा होता. कॅप्टन सांगतोय, पोरगं काय करणार?

सी-५०१: पाच वर्षांची बंदी आणि तुरुंग, वयाच्या मानाने कमी नाही. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलला कोहलीचा झेल स्लिपमध्ये सुटला आणि पुढच्याच चेंडूवर पॉइंटला पकडला गेला, तो स्पेल अव्वलच होता. पण त्याचा पाय रेषेपुढे पडला की मी आजही रिप्ले बघतो. दुसऱ्या कुणाच्या नो-बॉलला बघत नाही.

ए-३०२ ताई: मग माफ कुठे केलंत 🙂

बी-२०४ काका: ते राहू द्या. मुरलीच्या कोपरावर कुणी काही बोलायचं नाही! १९९५ ला मेलबर्नमध्ये कोपर सरळ करून चेंडू फेकतो म्हणून नो-बॉल दिले, नंतर मोजमाप केलं तर जवळपास सगळ्यांचेच कोपर थोडेफार सरळ होताना निघाले. म्हणून १५ अंशांचा नियम आला. ८०० विकेट म्हणजे ८००.

सी-५०१: एकदम मान्य.

बी-२०४ काका: माझी टीम फायनल. ताई, तुमची क्रोनिएवाली इलेव्हन टाका, मग बघू.

ए-३०२ ताई: रात्री टाकते. क्रोनिए कॅप्टन, पण टॉसला मी जाणार.