आइंडहोवनला ऑक्टोबरात मुक्काम हलवतोय, हवेबद्दल सल्ला हवा

सोलापूरची_लेक:
नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी बदलली, ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला जातोय. लेक चार वर्षांची. थंडी म्हणजे आम्हाला फार तर पुण्याची माहीत. जो तो म्हणतोय स्वेटर भरा. नेमकं काय न्यावं? आणि सासूबाईंना तीन महिने बोलवायचंय, गुडघे दुखतात त्यांचे. कोणते महिने बरे?

मेअरहोवनकर:
नऊ वर्षं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थंडीची धास्ती घेऊ नका. जानेवारीत दुपारी ५-६ अंश, रात्री शून्याच्या आसपास. बर्फ पडला तरी बहुतेक वेळा लगेच चिखल होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत कालवे गोठले आणि लोक स्केट बांधून बाहेर पडले, पण तसा हिवाळा क्वचित.

खरा त्रास वाऱ्याचा आणि अंधाराचा. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. त्यामुळे हवा दमट आणि आभाळ भरलेलं. सायकलवर तो समोरून आला की ६ अंशांतही कान बधिर होतात. हिवाळ्यात तो पूर्वेकडून यायला लागला की आभाळ निळंशार आणि थंडी कोरडी. मला ते दिवस फार आवडतात.

पाऊस वर्षाचा मोजला तर साधारण पुण्याइतकाच. पुण्याचा चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इथला बारा महिने भुरभुरत राहतो. छत्री वाऱ्याने उलटी होते, आणू नका. फोनमध्ये बाउएनराडार हे पावसाचं ॲप घ्या. पुढच्या दोन तासांत पाऊस कधी हे दिसतं. मी ऑफिसातून निघण्याआधी बघतो. वीस मिनिटं थांबलं की बऱ्याचदा कोरडं घरी पोचता येतं.

अंधाराची मात्र मनाची तयारी ठेवा. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा संध्याकाळ एकदम अंगावर येते. पहिल्या वर्षी बायको नोव्हेंबरभर गप्प गप्प असायची. घर आवडत नसेल असं मला वाटलं. होता तो उजेडाचा अभाव. रोज दुपारी अर्धा तास बाहेर पडाच, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. नोव्हेंबरात 'ग्लो' हा दिव्यांचा महोत्सव असतो, लेकीला नक्की न्या.

दोन_पोरांची_आई:
ताई, जाड स्वेटर अजिबात भरू नका. घरात हीटिंग असतं. आत थर्मल आणि बाहेर वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. लेकीचा रेनसूट आणि गमबूट इथेच घ्या. पाऊस आहे म्हणून इथे कोणी मुलांना घरात ठेवत नाही. हिवाळ्यात कपडे घरात वाळवावे लागतात, भिंतींना बुरशी धरते. रोज दहा मिनिटं खिडक्या उघडा, थंडी वाजली तरी.

ब्राबांटवासी:
उन्हाळ्याचं कोणीच लिहिलं नाही! आइंडहोवन समुद्रापासून लांब, म्हणून समुद्रकाठच्या हेग शहरापेक्षा इथे उन्हाळा जास्त तापतो. एरवी जुलैत २३-२४ अंश, पण २४ जुलै २०१९ ला इथे ३९.३ झालं आणि १९४४ चा देशाचा उच्चांक मोडला. दुसऱ्याच दिवशी जवळच्या खिल्झे-रायनला ४०.७. घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही, वरच्या मजल्यावर झोप लागत नाही. एक उभा पंखा मे महिन्यातच घेऊन ठेवा, उकाडा सुरू झाला की दुकानांत मिळत नाही.

सोलापूरची_लेक:
मनापासून आभार! स्वेटर बॅगेतून काढले. सासूबाईंचं तेवढं सांगा ना.

मेअरहोवनकर:
मे ते जुलै. तेव्हा फिरणं होतं, गुडघे मोकळे राहतात. गवताच्या परागांनी शिंका येतात कुणाकुणाला, तेवढं बघा. माझी आई जूनमध्ये आली होती. तिला दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायची सवय. सात वाजले, आठ वाजले, खिडकीत ऊन तसंच. ती वात करून खुर्चीवर थांबलेली. दहाला सूर्य मावळला तेव्हा दिवा लावला आणि मगच जेवायला बसली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमच्या साताऱ्याची दिवेलागण धरली, इथल्या दुपारी साडेतीनला. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.