मदत हवी आहे: बागांचे करार, ट्रान्सपोर्टचे, कॅनिंगचे, सगळे कागद एका जागी कंप्युटरवर कसे आणायचे?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, जरा लांबण लागणार आहे तर सांभाळून घ्या.

आमचा आंब्याचा धंदा, पावसच्या जवळ. घरची कलमं दीडदोनशे, बाकी २३ बागा कराराने घेतलेल्या. मालक बहुतेक चाकरमानी, कोण डोंबिवलीला कोण बोरिवलीला, एक तर दुबईत. त्याशिवाय पिकअपवाल्याशी ठरलेलं, कॅनिंगवाल्याशी ठरलेलं, नेपाळी राखण्यांच्या मुकादमाला दिलेल्या उचलीचे कागद, हायवेवरच्या गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्स, असं सगळं धरून साठेक कागद होतील. होतील म्हणतोय कारण मोजलेले नाहीत. काही अण्णांच्या (वडील) पत्र्याच्या ट्रंकेत, काही वकिलांकडे, काही माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो, आणि काही नुसते शब्दावर.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. वरच्या वाडीत ४५ कलमांची एक बाग आम्ही ३ वर्षांच्या कराराने केलेली. मुदत ३० जूनला संपत होती. जुलैत आम्ही नेहमीसारखं खत घातलं, कल्टार (मोहोर यावा म्हणून मुळाशी घालतात ते औषध) घातलं, गडी लावून बेणणी केली, आणि गणपतीत मालकांचा मुलगा आला तो म्हणाला काका करार संपलाय, आम्ही दुसऱ्याला दिली बाग. अण्णा म्हणाले तुझ्या बापाने मला शब्द दिलाय की पुढची ३ वर्षं तुम्हीच करा. तो म्हणाला कागद दाखवा. कागद शोधायला दोन दिवस गेले, मिळाला तो खताच्या बिलांच्या पिशवीत, एक कोपरा कसरीने खाल्लेला. आणि त्यात कलम ९ मध्ये स्वच्छ लिहिलेलं, मुदत संपायच्या २ महिने आधी लेखी कळवलं तर त्याच दराने पुढची ३ वर्षं. म्हणजे एप्रिलअखेर. एप्रिलात आमच्याकडे काढणी चालू, पेट्या वाशीला जातायत, माणसाला जेवायला वेळ नसतो तिथे पत्र कोण लिहितो! अण्णा म्हणाले कागद सापडला नसता तरच बरं झालं असतं.

तर आता मला हे सगळं एका जागी आणायचंय, फोनवरून बघता येईल असं. एका कंपनीच्या माणसाने सीएलएम का काय, करार सांभाळायचं सॉफ्टवेअर, त्याचा डेमो दिला, दिसायला झकास, पण सगळं इंग्रजीत, दर माणशी दर महिन्याला पैसे, आणि पहिल्याच पानावर विचारतंय की लीगल डिपार्टमेंटमधून मंजुरी कोण देणार. आमच्याकडे लीगल डिपार्टमेंट म्हणजे अण्णा. एवढ्याशा धंद्याला असलं सॉफ्टवेअर लागतं का, की एक्सेलवर भागेल? मराठीतले, काही हाताने लिहिलेले कागद स्कॅन करून शोधता येतात का? आणि स्कॅन केल्यावर मूळ कागदांचं काय करायचं? चुलतभाऊ पण धंद्यात आहे, त्याला काय दाखवायचं काय नाही तेही बघायचंय.

- कलमवाला


खाडीकाठ:
दापोलीला आमचे चार होमस्टे आहेत, दोन स्वतःचे, दोन कराराने चालवतो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नकोस. एक शीट कर, एका कराराला एक ओळ. पण एक सांगतो, सगळे 'मुदत संपण्याची तारीख' असा रकाना करतात आणि तिथेच फसतात, तूही तिथेच फसलास. तुझी मुदत जूनला संपत होती पण हालचाल करायची होती एप्रिलात. म्हणून वेगळा रकाना हवा, 'आपण काय करायचं आणि कधीपर्यंत'. त्यातही तुझा सीझन बघ. नोटिशीची तारीख एप्रिलात पडत असेल तर आठवण फेब्रुवारीत वाजली पाहिजे, मोहोर-कैरीच्या दिवसात, तेव्हा निदान पोस्टात जायला होतं. कॅलेंडरमध्ये टाक आणि आठवण दोघांना जाऊ दे, एकट्याला नको. आमच्याकडे बायकोला पण जाते, ती मग मला सोडत नाही.

आणि नेटवर सगळा भार टाकू नकोस. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथे कितीतरी दिवस लाईट नाही, टॉवर नाही. सगळं ढगात होतं आणि आम्ही इथे बॅटरी घेऊन. त्या वेळेपासून शीटची प्रिंट दर तीन महिन्यांनी काढून फाईलला लावतो.


वहीवाला_वेंगुर्ला:
आदी वही कर रे बाबा, मगे काय ता कंप्युटरात घाल. काजूच्या फॅक्टरीत २० वर्षां काढलंय. वहीयेत नाय ता कंप्युटरात खयसून येतला?


पुण्यातला_कोकणी:
वहीवाल्यांशी सहमत, गंमत नाही, हे खरंच आहे. मी याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मोठ्या कंपन्यांमध्ये सुद्धा सहा महिने नुसतं करार गोळा करण्यात जातात, सिस्टिम नंतर येते. साठ कागदांना शीट आणि गूगल ड्राइव्ह पुरे. झोहोचं कॉन्ट्रॅक्ट्स वगैरे आहे, पण त्याचा खरा उपयोग करार बनवणं, दुरुस्त्या, मंजुऱ्या, सह्या हे सगळं दहा जणांच्या हातातून फिरतं तेव्हा. तुमच्याकडे करार बनतो पडवीत.

काही कामाच्या गोष्टी. फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, दाबून बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन करा, सगळी पानं एका पीडीएफमध्ये, मागची बाजू सुद्धा, स्टॅम्पचा शिक्का आणि नंबर मागे असतो कधीकधी. फाईलचं नाव आधी वर्ष-महिना-दिवस, मग वाडी, मग मालकाचं आडनाव, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. छापील मराठी पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडलं तर बऱ्यापैकी वाचून देतं. हाताने लिहिलेलं मात्र विसरा, त्यातली चार कामाची वाक्यं शीटमध्ये स्वतः टाइप करा. वकिलांकडून श्रीलिपीतली फाईल आली असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता कचरा दिसतो, त्यापेक्षा प्रिंट घेऊन स्कॅन केलेली बरी.

अजून एक, जी चूक सगळे करतात: हे तुमच्या स्वतःच्या जीमेलवर करू नका. धंद्याच्या नावाने वेगळं अकाउंट काढा, पासवर्ड तुम्ही आणि अण्णा. चुलतभावाला फक्त बघायची परवानगी, आणि उचलीचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, ते त्याला दाखवायचे नसतील तर.


कोर्टाच्या_पायरीवर:
वकिलाकडे कारकुनी करतो, वकील नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नाही, अनुभव म्हणून घ्या.

तुमच्या प्रश्नात खरा प्रश्न वेगळाच आहे. ३ वर्षांचा करार नोटरी करून ट्रंकेत ठेवलेला असेल तर स्कॅन करून त्याचं वजन वाढत नाही. नोटरी वेगळी आणि रजिस्ट्रेशन वेगळं. जमिनीचा भाडेपट्टा एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ने तो नोंदवावाच लागतो, सही झाल्यापासून चार महिन्यांत. नुसती एका हंगामाची फळं घेतली असतील तर गोष्ट वेगळी, कारण त्या कायद्यात झाडावरचं फळ जंगम मालमत्तेत धरलंय. म्हणून प्रत्येक कागद काढून बघा, त्यात 'बाग ताब्यात दिली' म्हटलंय की 'हंगामाचं फळ दिलं'. शीटमध्ये त्याला रकाना करा, नोंदणी झाली का, स्टॅम्प किती. आणि जुने कोरे स्टॅम्प पेपर साठवून ठेवू नका, सहा महिन्यांत वापरायचे असतात. ऑक्टोबर २०२४पासून शंभरच्या जागी पाचशेचा लागतो तेही लक्षात असू द्या.

मूळ कागद फेकायचा प्रश्नच नाही. कोर्टात स्कॅन दाखवायचा तर १ जुलै २०२४पासून नवीन साक्ष अधिनियमाचं कलम ६३, त्याचं सर्टिफिकेट, हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा म्हणा), ते सगळं आलं. मूळ कागद हातात असला की निम्मी कटकट वाचते. लॅमिनेशन अजिबात नको. पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर घाला, तोच नंबर शीटमध्ये.

दुबईवाल्यांकडून मुखत्यारपत्र घेणार असाल तर ते ई-साइनवर भागवू नका, साधं मुखत्यारपत्र त्यात बसत नाही.


चिपळूणकरीण:
मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नका एवढंच. २२ जुलै २०२१ला आमचं दुकान, कपाट, करारांच्या फाईली, सगळं वाशिष्ठीच्या चिखलात. फाईल उघडली तर पानं पापडासारखी एकमेकांना चिकटलेली. ज्यांच्याकडे फोटो होते त्यांचंच निदान वाचलं.


कलमवाला:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे पाऊस आणि ट्रंक.

ट्रंक माडीवरून खाली आणली. पडवीत चटई टाकून मी आणि अण्णा बसलो, बाहेर पाऊस धो धो, एकेक कागद काढायचा, पुसायचा, नंबर घालायचा, स्कॅन. ६७ निघाले. तळाला पणजोबांचा मोडीतला एक कागद सापडला, तो आम्हा दोघांनाही वाचता येत नाही, त्याला नंबर ० दिलाय. ९ करार मुदत संपलेले पण आम्ही बागा अजून करतोय. एका बागेचे दोन करार, दोन भावांशी वेगवेगळे, रक्कम पण वेगवेगळी, सातबारा सामायिक! हे कुणालाच माहीत नव्हतं, त्या भावांना सुद्धा.

शब्दावरच्या ५ बागा निघाल्या. त्यांना कागदच नाही तर स्कॅन कशाचा करायचा. मग शीटमध्ये एक रकाना वाढवला, 'अण्णा म्हणतात'. अण्णा बोलत गेले मी टाइप करत गेलो. कुठल्या मालकाच्या आईचा 'कल्टार घालू नका' असा हट्ट होता, कुठे विहिरीच्या कडेच्या दोन कलमांचं फळ मालकांना घरी खायला द्यायचं, कुठे पैसे निम्मे गणपतीत निम्मे शिमग्याला. यातलं निम्मं एकाही करारात लिहिलेलं नाही आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. अण्णा आधी चिडत होते की मी काय विसरणार आहे का, चौथ्या दिवशी स्वतःच हाक मारून सांगायला लागले, थांब, लिंबाच्या बागेचं राहिलं.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. वकील म्हणतात ३ वर्षांचे जेवढे आहेत ते नोंदवा. मालकांना फोन केला की ते घाबरतात, रजिस्टर करार म्हटला की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल. एक काका तर म्हणाले तुमच्या अण्णांवर विश्वास आहे पण कागदावर नाही. त्यांना कसं समजवायचं?


कोर्टाच्या_पायरीवर:
ती भीती उगाच नाही, कोकणात कूळकायद्यात जमिनी गेलेल्या घरांना विचारा. ज्यांना नकोच आहे त्यांच्याशी ओढाताण करू नका, दर वर्षी हंगामापुरता फळांचा करार करा, मसुदा वकिलांकडून एकदा नीट करून घ्या आणि तोच २३ बागांना वापरा. तुमच्या शीटला पण सोपं, सगळ्यांच्या तारखा सारख्या. मात्र मग दर वर्षी सही घ्यावी लागेल.


खाडीकाठ:
आणि सही घ्यायला गणपतीसारखा मुहूर्त नाही. सगळे मालक गावात, आरतीला भेटतातच. प्रिंट आधीच काढून ठेव, मोदक खाऊन झाल्यावर पुढे कर.


कलमवाला:
हाहा, होय. १४ जणांना कळवलंय. सामायिक सातबारावाले दोघे भाऊ पण येतायत, त्यांना मात्र वेगवेगळ्या दिवशी बोलावलंय. डोंबिवलीवाल्या काकांनी विचारलं कागद वाचायला आधी पाठवशील का, तर पीडीएफ पाठवली, डॉक्युमेंट म्हणून, फोटो नाही.