मदत हवी आहे: रेडिएशन ऑन्कॉलॉजी (कर्करोगावरचे किरणोपचार) रेसिडेन्सीसाठी दोनपैकी कोणता विभाग?

पहिल्या विभागात रुग्ण भरपूर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ब्रॅकीथेरपी (किरणोत्सर्गी स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून दिलेले उपचार) जवळपास रोज. पण रेसिडेंटने काढलेले कॉन्टूर (स्कॅनवर गाठ आणि अवयवांभोवती आखलेल्या रेषा) वरिष्ठ दुरुस्त करतात, कारण सांगत नाहीत. दुसऱ्यात रुग्ण कमी, मात्र प्रत्येक कॉन्टूर स्लाइसगणिक सोबत बसून तपासतात, एसबीआरटीही (मोजक्या सत्रांत अचूक नेम धरून दिलेले मोठ्या डोसचे किरणोपचार) नियमित होते. ब्रॅकीथेरपी क्वचित.

कल दुसऱ्याकडे आहे. सीटीव्ही (गाठ आणि तिच्याभोवतीचा, रोग पसरलेला असू शकेल असा आखलेला भाग) काही मिलिमीटर आखूड राहिला, तर डीव्हीएच (आखलेल्या भागांना किती डोस मिळतो याचा आलेख) कितीही सुंदर दिसला तरी गाठीची कड कमी डोसमध्ये राहते, आणि ते कुणीतरी दाखवल्याशिवाय कळत नाही. पण बाहेरून २५ फ्रॅक्शनमध्ये (सत्रांत) ४५ ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) दिल्यावर ७ ग्रेची ४ ब्रॅकीथेरपी फ्रॅक्शन देताना टँडम (गर्भाशयात घालायची नळी) नीट बसवणं, पॅकिंगने (योनीत भरलेल्या गॉजने) मलाशय आणि मूत्राशय दूर ठेवणं हे हातानंच शिकायचं काम आहे. ही उणीव नंतर भरून निघते का, याचीच खरी काळजी वाटते.

जाणकारांनी कृपया सांगावं: बाहेरच्या एखाद्या केंद्रातल्या पोस्टिंगने ब्रॅकीथेरपी पुरेशी येते का? लॉगबुकात पाहिलेल्या आणि स्वतः बसवलेल्या केस वेगळ्या नोंदवतात का? फिजिसिस्ट प्लॅन तपासायला शिकवतात की नुसती सही घेतात, हे सध्याच्या रेसिडेंटना नेमकं कसं विचारावं?