दुपारी नाहीशी होणारी लेझरची वलये

वागळे_प्रयोगशाळा
नमस्कार. ठाण्यातील एका महाविद्यालयात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आम्ही ५सीबी या निमॅटिक (द्रवासारख्या वाहणाऱ्या, पण रेणू साधारण एकाच दिशेने रोखलेल्या) द्रवस्फटिकाच्या १०० मायक्रोमीटर जाडीच्या थरातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर भिंगाने एकवटून सोडतो. रेणू काचेला लंब उभे आहेत आणि थर किरणाशी थोडा तिरपा ठेवला आहे. सकाळी पडद्यावर दहा-पंधरा सेकंदांत एकामागून एक वलये उमटतात. एप्रिल लागल्यापासून मात्र दुपारी दोननंतर ती थरथरतात आणि मग दिसेनाशी होतात. लेझरची शक्ती मोजली, ती तेवढीच आहे. मुळात ही वलये रेणू वळल्याने पडतात की थर तापल्याने?

ऐरोलीकर
सकाळच्या वलयांचे उत्तर तुमच्या ‘दहा-पंधरा सेकंदां’तच आहे. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र रेणूंना वळवते, त्यामुळे किरणाला जाणवणारा अपवर्तनांक १.५३ कडून १.७१ च्या दिशेने सरकतो. शलाकेच्या मध्यभागी हा बदल जास्त आणि कडेला कमी असल्याने तरंगाग्र वाकते, आणि प्रकाशतरंगाच्या कलेत (फेजमध्ये) २π ची भर पडली की साधारण एक वलय वाढते. वळण्याचा काळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो व १०० मायक्रोमीटरला तो दहा सेकंदांच्या घरात जातो, तर एवढ्या थरातील उष्णता काही मिलिसेकंदांतच पसरते. तरी खात्री हवीच. अर्धतरंग पट्टीने ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची दिशा, फिरवून ते किरण व रेणू यांच्या प्रतलाला लंब करावे. वलये मावळली तर कारण रेणूंचे वळणे. टिकली तर उष्णतेचा संशय घ्यावा.

जुना_प्रयोगवाला
दुपारबद्दल लेझरला दोष देण्याआधी खोलीकडे पाहावे. ५सीबी निमॅटिक असते ते साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच, आणि वातानुकूलन नसलेली ठाण्याची खोली एप्रिलमध्ये कुठे जाते हे मी सांगायला नको. (पंखा लावून उपयोग नाही, उलट थर हलतो.) ३५ अंशांच्या जवळ अपवर्तनांक तापमानाने फार झपाट्याने बदलतो, म्हणून एरवी नगण्य असलेला उष्णतेचा परिणाम तिथे डोके वर काढतो, तुमची थरथर बहुधा त्याचीच असावी. त्यापुढे रेणूंची सामायिक दिशाच उरत नाही. काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये (एकाच ध्रुवणाचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) थर तिरपा धरून फिरवून पाहा, निमॅटिक असेल तर तो उजळेल. सरळ धरू नका, कारण उभ्या रेणूंचा थर सरळ धरल्यावर निमॅटिक असतानाही काळाच दिसतो.

वागळे_प्रयोगशाळा
दोघांचेही आभार. आज अडीच वाजता काचेला टेकवलेल्या तापमापकाने ३५.६ दाखवले आणि तिरपा थर कसाही फिरवला तरी काळाच राहिला. सकाळी ध्रुवण फिरवल्यावर वलये पूर्ण मावळली होती. आता सरांकडे ई७ हे द्रवस्फटिकांचे मिश्रण मागितले आहे, ते सुमारे ६० अंशांपर्यंत निमॅटिक राहते. ते मिळेपर्यंत सकाळी सातला प्रयोगशाळा उघडून घेऊ.