'हार्टला प्रोटेक्शन' याला आपल्याकडं काय म्हणावं? (नायट्रेट, एनटीजी वगैरे)

आमच्या तात्यांची (मोठे चुलते, उदगीरकडचे) बायपास झाली मागच्या महिन्यात, आता बरे आहेत, चहात साखर नाही म्हणून भांडायलेत, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलवाले डॉक्टर म्हणले की नायट्रेट (हृदयाचं औषध) चालू ठेवणार आहोत, हार्टला प्रोटेक्शन राहील, अन् तात्या लगेच म्हणले, "म्हणजे बंदोबस्त का? दारात शिपाई बसवणार?" सगळे हसले पण माझ्या डोक्यातून तो शब्द जाईना. 'हृदयसंरक्षण' म्हणलं तर सरकारी खातं वाटतं. अन् डॉक्टरांना खोदून विचारलं तर औषध राखण करतच नाही! त्यानं शिरा सैल पडतात, रक्त तिथंच थोडं रेंगाळतं, हृदयाकडं परत येणारा लोंढा कमी होतो, मग हृदयावर ताण कमी पडतो अन् त्याला ऑक्सिजनही कमी लागतो. हे तर डोक्यावरचं ओझं उतरवणं झालं की. म्हणून मला 'विसावा' सुचतोय, कसा वाटतो?

अंबाजोगाईहून:
विसावा नको बाबा!! आमच्याकडं तिरडी जिथं खाली टेकवतात त्याला इसावा म्हणतात, पेशंटसमोर बोलून बघा, माणूस ऑपरेशनला यायचाच नाही. वारीतल्या पालखीचाही विसावा असतो हे मान्य, पण ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात कुणाला आधी पालखी आठवेल?
मी ओटीत सिस्टर आहे. आम्ही नुसतं 'एनटीजी' म्हणतो, नायट्रोग्लिसरीनचं शॉर्ट, नायट्रेटातलंच एक औषध. सिरिंज पंपावर लावतो, मिनिटाला इतके मायक्रोग्रॅम असा हिशोब, अन् बीपी उतरलं की कमी करा नाहीतर बंद करा. हातातली रोहिणी (धमनी) काढून हृदयाला जोडली असेल तर ती पायात पेटका यावा तशी आखडते, ती सैल ठेवायलाही हेच. पण 'प्रोटेक्शन' ऐकलं की नातेवाइकांना वाटतं आता अटॅक येणारच नाही, तशी गॅरंटी कुणी देत नाही, म्हणून मलाही तो शब्द खटकतो.
अन् शब्दांचंच चाललंय तर, बायपासला आमचे डॉक्टर 'कॅबेज' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरं (CABG) जोडून. एका आजीनं विचारलं होतं, कोबी कामून आणायलेत 😀

जालन्याहून:
आम्ही मोसंबीवाले, नायट्रेट म्हणलं की तेरा-शून्य-पंचेचाळीस आठवतं. पोटॅशियम नायट्रेट, जुनी माणसं सोरा म्हणायची ते, ठिबकमधून सोडतो. दवाखान्यातलं नायट्रेट वेगळं, उगं कुणी खताची पुडी चाटू नका.
पण नायट्रोग्लिसरीन मात्र सुरुंगातलंच बरं का! आमचे आबा विहिरी फोडायचे, जिलेटिनच्या कांड्या हाताळल्या की दिवसभर डोकं ठणकायचं म्हणायचे. ते कातडीतून अंगात जातं अन् डोक्यातल्या नसा फुगतात. नोबेलनं १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं, अन् १८९६ ला त्याच्याच हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं. त्यानं पत्रात लिहिलंय की औषधवाला अन् लोक घाबरू नयेत म्हणून ह्याला ट्रायनायट्रिन म्हणतात. म्हणजे नाव बदलून भ्या घालवायची तऱ्हा तेव्हापासूनची, तुम्ही काय नवीन करायला नाहीत.

(धागा काढणारा):
डोक्याचं बरोबर आहे, तात्या जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटचीच गोळी) धरायचे तेव्हा कपाळ दाबत बसायचे, आम्हाला वाटायचं बीपी वाढलं.
इसावा खरंच ध्यानात आला नाही, आमच्याकडंही म्हणतात, चुकलं. मग 'उसंत'? "हार्टला जरा उसंत द्यायलोत" असं डॉक्टर म्हणले असते तर तात्यांनी शिपाई काढला नसता. 'आराम' पण होता पण आराम पडला म्हणजे आपल्यात दुखणं बरं झालं, ते इथं बसत नाही.

अंबाजोगाईहून:
उसंत चालेल, मी उद्याच वापरून बघते. गंमत म्हणजे ह्या औषधालाच उसंत लागते, एकसारखं चालू ठेवलं तर दिवसभरातच अंगाला सवय होते अन् गुण कमी येतो, म्हणून रोजच्या गोळ्यांमध्ये काही तास मोकळे ठेवतात, बहुतेक रात्रीचे. त्याला आम्ही पेशंटला 'खंड ठेवा' सांगतो.

जालन्याहून:
ताई तो 'खंड' तेवढा बदला. आमच्याकडं खंड म्हणजे पावसाचा, ऐकलं तरी पोटात गोळा येतो.