मदत हवी आहे: २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, मधल्या दोन वेळा राहून गेल्या. रिपोर्ट धरायचा का?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. बायकोला (वय ४१, वजन ५८ किलो) तीन वर्षांत दुसऱ्यांदा मुतखडा झालाय. पहिला पडला तो तपासायला दिला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. या खेपेला डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन) आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड लिहून दिलं. रक्तातलं कॅल्शियम १०.१ आलं, पीटीएच यायचंय. घोळ झालाय तो लघवीच्या टेस्टमध्ये.

लॅबने पाच लिटरचा कॅन दिला. तळाला पाण्यासारखं काहीतरी होतं. ते ॲसिड आहे हे आम्हांला घरी येऊन लेबल वाचल्यावर कळलं. कॅल्शियम खाली साकळू नये म्हणून घालतात ते. पण झाकण उघडलं की नाकात झणका बसायचा. यात थेट लघवी करायची नाही, मगात घेऊन हळूच ओतायची, एवढं तरी देणाऱ्याने सांगायला नको होतं का? कुणाला भाजलं असतं तर?

सकाळी साडेसहाची पहिली लघवी टाकून दिली, वेळ लिहिली, दुसऱ्या दिवशी साडेसहाची शेवटची कॅनमध्ये घेतली. हे बरोबर झालं. पण ती अंगणवाडीत कामाला आहे आणि त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. पिशवीतून मग आणि झाकणाची बाटली नेली होती. दुपारी मुलांच्या जेवणाच्या गडबडीत तशीच जाऊन आली, मग चारच्या सुमारास पुन्हा. रात्री ताटावर बसली आणि भात नुसता चिवडत राहिली, तेव्हा विचारलं तर डोळ्यांत पाणी. लॅबचे पैसे फुकट गेले म्हणून. मी म्हटलं, पैशांचं जाऊ दे.

आता रिपोर्ट: एकूण लघवी ११५० मिली, कॅल्शियम १७८ मिग्रॅ, क्रिएटिनिन ५९० मिग्रॅ. कॅल्शियमपुढे १०० ते ३०० छापलंय, म्हणून लॅबवाले म्हणतात नॉर्मल. मला ते पटत नाही. क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) रोज साधारण तेवढंच बाहेर पडतं, तिच्या वयाच्या बाईचं किलोमागे १५ ते २० मिग्रॅ धरतात. म्हणजे कमीत कमी ८७० यायला हवं होतं. जवळजवळ एक तृतीयांश लघवी कॅनमध्ये आलीच नाही. त्याच प्रमाणात कॅल्शियम वाढवून धरलं तर २६०च्या वर जातं, आणि बायकांसाठी बरेच डॉक्टर २५०ची मर्यादा मानतात. माझा हिशेब चुकत असेल तर कृपा करून सांगा.

शिवाय टेस्ट म्हणून तिने त्या दिवशी आपणहून पथ्य केलं. पेजेबरोबर एरवी खारा बांगडा नाहीतर मिसकूट (कैरीचं खारं लोणचं) लागतंच, त्या दिवशी काहीच नाही. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, तेव्हा हा आकडा तिच्या रोजच्या जेवणाचाही नाही. रोज जे खातो तेच खाऊन टेस्ट करायची असते, हे मी नंतर वाचलं.

सोमवारी बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवायचंय. ज्यांच्या घरात ही टेस्ट झालीय त्यांनी सांगा: पुन्हा करायला लावतात, की सकाळच्या एका नमुन्यातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचं प्रमाण बघून भागवतात? आणि युरिक ॲसिड त्याच ॲसिडच्या कॅनमधून काढलंय. ॲसिडमध्ये युरिक ॲसिडचे खडे धरतात, मग तो आकडा खोटाच कमी येणार ना? त्यासाठी वेगळा कॅन मागायचा का?

ता.क. (रात्री): खालच्या प्रश्नांना इथेच उत्तर देतो. खडा डाव्या किडनीत ६ मिमीचा आहे, ताप नाही. आठवड्याला ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डी चालू आहे, ते सोमवारी डॉक्टरांना आधी सांगणार. शेजारच्या काकींनी दूध बंद करायला सांगितलं होतं, ते केलेलं नाही. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. पाणी मात्र वाढवलंय. पुन्हा करायची झाली तर रविवारी करू, मी घरी असेन, मग मीच धरून देईन.